परतायचे ते गावकीत नव्हे, तालुक्याच्या कोर्टात

अलीकडे आपल्या समाजात एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. मुंबई-पुण्यात, हैदराबाद-बंगळुरूत बऱ्या पगारावर असलेली आपली शिकली-सवरलेली माणसे काम सोडून आपापल्या जिल्ह्यात परत येत आहेत. कुणी बँकेतून, कुणी कंपनीतून, कुणी मोठ्या वकिलाच्या चेंबरमधून. संख्या मोठी नाही, पण प्रत्येक जिल्ह्यात अशी दोन-चार नावे आता घेता येतात. या माणसांकडे पाहण्याच्या आपल्या दोनच तऱ्हा आहेत. एक म्हणजे, "तिकडे जमले नसेल म्हणून आला." दुसरी म्हणजे १४ एप्रिलला त्याला स्टेजवर बोलावून शाल द्यायची, त्यागमूर्ती म्हणून गौरवायचे आणि १५ तारखेपासून विसरून जायचे. या दोन्ही तऱ्हांनी त्या माणसाचे नुकसान होते आणि चळवळीचेही. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

प्रथम एक गाठ सोडवली पाहिजे. "खेड्याकडे चला" ही घोषणा आपली नाही. ती ज्यांची होती त्यांचे खेडे वेगळे होते, आपले वेगळे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याची जी संभावना केली, ती आजही ग्रामस्वराज्यवाल्यांना झोंबते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे बोलणारा माणूस खेड्याचा अनुभव पुस्तकातून घेतलेला नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकरकी केली, मेलेली गुरे ओढली, सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री पाच-पाच कोस चालत गेले. गाव सोडणे ही आपल्या माणसांसाठी मुक्तीची पहिली पायरी होती. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, लष्करात जे गेले, त्यांच्याच घरात पहिली पाटी-पेन्सिल आली.

मग जो परत येतो, तो काय उलटी पायरी उतरतो? हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी नाही, माझ्या आईने विचारला. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याला मी मुंबईहून परत आलो तेव्हा ती म्हणाली, "आम्ही तिथनं निसटावं म्हणून तुझ्या बापानं एस.टी.त आयुष्य घातलं, आणि तू कोट घालून परत तिथंच उभा राहणार?" तिला दोन वाक्यांत देता येईल असे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. आज आहे. परत यायचे ते गावकीत नव्हे, तालुक्याच्या कोर्टात. गावाने आपल्याला जी जागा नेमून दिली होती त्या जागेवर नव्हे, तर ज्या जागेवर गावाला आपल्याकडे यावे लागते, त्या जागेवर. त्या दोन जागांत कोसांचे नाही, शतकांचे अंतर आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रात नोकऱ्या सोडण्याचे प्रसंग किती आहेत ते मोजून पाहावे. १९१७ मध्ये बडोद्याची चाकरी त्यांना सोडावी लागली. तिथे राहायला जागा मिळाली नाही आणि शिपायांनी फायली लांबून टाकल्या, हे आपल्याला पाठ आहे. पण १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजमधील प्राध्यापकी त्यांनी स्वतःहून सोडली, शिक्षण पुरे करण्यासाठी. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा सनदेच्या फीसाठी पैसे मित्राकडून उसने घ्यावे लागले. पक्षकार येईनात म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसार चालवला. आणि याच काळात, २० जुलै १९२४ ला, परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले. सरकारी नोकरीची वाट धरली असती तर ते पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले असते, यात शंका नाही. त्यांनी स्वतंत्र वकिली धरली, कारण स्वतंत्र धंद्यात माणूस सकाळी कोर्टात आणि संध्याकाळी सभेत उभा राहू शकतो. सरकारी नोकराला ते करता येत नाही. हे गणित त्यांनी डोळे उघडे ठेवून मांडले होते. त्यात भाबडा त्याग नव्हता.

तालुक्याच्या कोर्टाला जे नाक मुरडतात त्यांनी महाडचा दावा वाचावा. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, पण खरी लांबलचक लढाई महाडच्या दिवाणी कोर्टात झाली. सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ ला तिथे दावा लावला. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला आणि २५ डिसेंबरच्या परिषदेपुढे पेच टाकला. त्या दाव्याचा निकाल त्याच कोर्टात ८ जून १९३१ रोजी आपल्या बाजूने लागला, आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. दहा वर्षांत किती तारखा पडल्या असतील! तळे वहिवाटीने सवर्णांच्या खासगी मालकीचे आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून आपण जिंकलो. म्हणजे जिंकलो ते पुराव्याच्या जोरावर, आणि तो पुरावा खालच्या कोर्टात नोंदला गेला होता. हायकोर्टात नवा पुरावा सहसा होत नाही. खाली जे कागदावर आले तेच वर जाते. वकिलीतली ही साधी गोष्ट चळवळीतल्या पुष्कळांना अजून उमगलेली नाही.

आता एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी माऱ्याच्या जागा पटकावण्यास सांगितले. मोक्याच्या जागा सोडून तालुक्याला येणे म्हणजे मोर्चा सोडून पळणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे. सचिवालयात, विद्यापीठात, न्यायालयाच्या बेंचवर आपली माणसे हवीतच. जो तिथे बसून फाईलवर निर्भीडपणे लिहितो, त्याने परत येऊ नये. त्याची जागा तिथेच आहे. पण आपण स्वतःशी प्रामाणिक राहू या. मोठ्या चेंबरमध्ये दहा-दहा वर्षे दुसऱ्याचे ब्रीफ तयार करणारा, सीनियरच्या मागे पुस्तके धरून उभा राहणारा, ज्याचे नाव कधी निकालपत्रावर येत नाही, तो कोणत्या माऱ्याच्या जागेवर आहे? मी स्वतः नऊ वर्षे अशा एका चेंबरमध्ये काढली. बिल्डरांच्या आणि साखर कारखान्यांच्या याचिका मी लिहिल्या. रात्री अकराची लोकल नेहमीची होती. कामाला मी वाईट म्हणत नाही. मसुदा कसा लिहायचा ते मी तिथेच शिकलो. पण त्या नऊ वर्षांत आपल्या एकाही माणसाचा कागद माझ्या टेबलावर आला नाही, कारण त्या जिन्यापर्यंत पोचण्याची त्याची ऐपतच नव्हती.

आणि मुंबई सोडली की धंदा बुडतो, ही समजूतही तितकीशी खरी नाही. न्या. भूषण गवई यांनी १९८७ ते १९९० मुंबई हायकोर्टात स्वतंत्र वकिली केली आणि त्यानंतर ते मुख्यतः नागपूर खंडपीठात उभे राहिले. नागपूर आणि अमरावतीच्या महापालिकांचे, अमरावती विद्यापीठाचे काम त्यांनी पाहिले. तेच पुढे १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले; त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध. त्याआधीच्या पिढीत बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून शिकून आले आणि त्यांनी आपले ठाणे चंद्रपूरला मांडले. १६ ऑक्टोबर १९५६ चा चंद्रपूरचा दीक्षा समारंभ उभा राहिला त्यामागे त्यांचे कष्ट होते. पुढे राज्यसभेचे उपसभापतिपद त्यांना चंद्रपूरला राहूनच मिळाले. याउलट मान्यवर कांशीराम यांनी पुण्यातली संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि घरी परत न जाण्याची शपथ घेतली. त्यांचे कार्य घर सोडूनच होणारे होते. म्हणजे "परत या" हा काही नियम होऊ शकत नाही. काम कुठे आहे ते पाहून माणसाने आपली जागा ठरवायची असते.

माझ्या मते वकिलाचे काम आज तालुक्याला आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, ३० जानेवारी १९९० पासून लागू. २०१५ च्या दुरुस्तीने तो धारदार झाला. २० मार्च २०१८ च्या निकालाने त्याची धार बोथट केली, २ एप्रिलच्या भारत बंदनंतर संसदेने कलम १८-अ घालून ती परत आणली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. या सगळ्यावर आपल्याकडे व्याख्याने भरपूर होतात. पण केस हरते ती दिल्लीत नव्हे, पोलिस ठाण्यातल्या पहिल्या रात्री हरते. फिर्याद लिहिणारा हवालदार शिवीगाळ "घरात" झाली असे लिहितो. फिर्यादी अंगठा देतो. पुढे बचावाचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, चार भिंतींच्या आतला अपमान या कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तसे सांगितलेच आहे. वस्तुतः प्रकार घडलेला असतो अंगणात, रस्त्यावरून दिसेल असा, आणि चार माणसे पाहत असतात. त्या एका शब्दाने कलम गळते. तपास उपअधीक्षकाने करायचा असताना तो सहायक निरीक्षक करतो आणि उपअधीक्षक फक्त सही करतो. नियम ७ चा भंग म्हणून आरोपी सुटतो. फिर्यादीचा जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडायचा राहतो. तोही मुद्दा होतो. दोषारोपपत्र साठ दिवसांत यायला हवे, हे फिर्यादीला कुणी सांगितलेलेच नसते.

हे सारे पहिल्या चोवीस तासांत आणि पहिल्या साठ दिवसांत सावरता येते. त्यासाठी ठाण्यात हजर राहणारा वकील लागतो, आणि तो मुंबईहून येऊ शकत नाही. कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हरिराम भांभी प्रकरणात ही नोटीस बंधनकारक असल्याचे स्पष्ट सांगितले. तरीही तालुक्या-तालुक्यातून हजेरी न लावता जामीन होतात, कारण "मला नोटीस नाही" असे उभे राहून म्हणणारा कुणी नसतो. मी पहिल्या वर्षी असे उभे राहून म्हणू लागलो तेव्हा बारमधले दोघे-तिघे हसले. दुसऱ्या वर्षी नोटिसा यायला लागल्या.

खैरलांजी आपण दरवर्षी २९ सप्टेंबरला आठवतो. २००६ साली चौघांची कत्तल झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. आणि या सर्वांत ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. ज्या देशातल्या शेंबड्या पोरालाही ती हत्या जातीतून झाली हे कळते, तिथे कोर्टाला ते "सिद्ध" झालेले दिसले नाही. न्यायाधीशांवर टीका करणे सोपे आहे आणि ती करायलाही हवी. पण वकील म्हणून मला त्याहून जास्त बोचते ते हे, की त्या वेळच्या कायद्यात जातीच्या कारणावरून गुन्हा घडला हे दाखवावे लागे, आणि त्याचा पुरावा सुरुवातीच्या जबाबांत यायला हवा होता. २०१५ च्या दुरुस्तीने ती अट सैल केली. पीडिताची जात आरोपीला माहीत होती एवढे आता पुरते, आणि ओळखीच्या माणसाबाबत कायदा ते गृहीत धरतो. न्यायाची वाट पाहतच भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले.

दुसरे काम जमिनीचे. याची चर्चा आपल्या सभांत फारच कमी होते. पश्चिम महाराष्ट्रात आपल्या लोकांच्या महार वतनाच्या जमिनी होत्या. ही वतने म्हणजे गुलामीची बेडी, म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नष्ट झाली आणि ठरलेली रक्कम भरून जमीन वतनदाराला परत द्यायची, पण नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी, असे ठरले. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ असे जे लिहिलेले असते ते यामुळे. कायद्याचा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात काय झाले? अर्धे कुटुंब मुंबईला गेले. मागे राहिलेल्या एका भावाने दुष्काळात हजार-दोन हजारांवर साठेखत करून दिले. कब्जा दुसऱ्याचा झाला. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव तसेच, त्याखाली वारसांची नोंद नाही. आता महामार्ग रुंद होतो, बायपास येतो आणि जमिनीला सोन्याचा भाव येतो. मग एके दिवशी चारचाकीतून कुणीतरी चाळीत येतो, म्हाताऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर सही घेऊन जातो.

अशा जमिनीचे काम म्हणजे कंटाळवाणे काम. जुने फेरफार काढायचे, मोडी वाचणारा शोधायचा, वारसांची वंशावळ लावायची, त्यातले चौदा जण कल्याण-उल्हासनगरला, दोघे सुरतेला, सर्वांच्या सह्या जमवायच्या. परवानगीविना झालेले हस्तांतरण बेकायदेशीर असते हे प्रांतापुढे मांडायचे, तिथे हरलो तर वर जायचे. एकेका प्रकरणात पाच-सात वर्षे जातात. टाळ्या कुठेच पडत नाहीत. पण एकरभर जमीन परत नावावर लागली की त्या घरातली माणसे गावात जरा वेगळी चालतात, हे मी पाहिलेले आहे. मराठवाड्यात गायरानाचे असेच आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची ती लांबची फळे. बीडमध्ये एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून गायरान कसणाऱ्यांची फळी उभी केली, तेव्हा कुठे तो कागद शेतापर्यंत पोचला. आवाडांनी बाहेर कार्यकर्ता म्हणून धडे घेतले आणि ते आपल्या जिल्ह्यात येऊन गिरवले.

आता परतणाऱ्याला कुणी सांगत नाही ते सांगतो. पहिली दोन वर्षे उपासमारीची असतात. सवर्ण पक्षकार येत नाही; बारमध्ये तुमच्यावर "ॲट्रॉसिटीवाला" असा शिक्का बसतो. ते सहन होते, त्याची आपल्याला सवय आहे. आपल्या माणसांचे वागणे मात्र जास्त लागते. फौजदारी भानगड असली की रात्री बाराला दार वाजते: "जयभीम साहेब, आपलेच काम आहे." त्याच माणसाचा जमिनीचा दावा असला की तो दुसऱ्या जातीच्या वकिलाकडे जातो आणि पूर्ण फी मोजून देतो, कारण त्याच्या मते "त्यांची वर ओळख असते." आपला वकील फुकट आणि दुसऱ्याचा हुशार, ही मनुवादी समजूत आपल्याच डोक्यात बसली आहे. शिवाय प्रत्येक तालुक्यात एक-दोन पुढारी असे असतात की ज्यांचा धंदाच केस मिटवण्याचा असतो. फिर्याद झाली की हे दोन्हीकडे बसून चहा घेतात. साक्षीदार फितूर होतो त्यामागे बहुतेक वेळा आरोपीची दहशत असते हे खरे, पण कधी कधी आपल्याच माणसाचा चहाही असतो.

म्हणून ज्यांच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, ज्यांची मुले दहावी-बारावीला आहेत, त्यांनी भाषण ऐकून राजीनामा देऊ नये. दोन वर्षांचा खर्च बाजूला ठेवून मगच यावे. बायकोची नोकरी असेल तर तिच्या बदलीचा आधी विचार करावा. चळवळीच्या नावाने तिची कमाई गृहीत धरणे हे काही समतेत बसत नाही. फी घ्यावी, थोडी का होईना, पण घ्यावी आणि पावती द्यावी. ज्याला खरेच परवडत नाही त्याला विधी सेवा समितीकडे न्यावे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पॅनेलवर आपणच असलो तर थोडे मानधनही मिळते. पीडिताला मिळणाऱ्या मदतीचे अर्ज वेळेवर टाकावेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे ती गुन्ह्यानुसार पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे, साक्षीला येण्याचा प्रवासखर्च वेगळा, आणि हे पैसे वेळेवर मिळाले तर साक्षीदार टिकतो.

आमच्या बाजूला आता आणखी एक सोय झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर, सांगली, साताऱ्याची प्रकरणे तिकडे जाऊ लागली. विशेष कोर्टाच्या हुकमावरचे अपील आता मुंबईला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने न्यावे लागत नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या तिथे हे बेंच आले, याचे आपल्या तरुण वकिलांना विशेष वाटले पाहिजे. आणि सनदेचेही दडपण कमी झाले आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने बार कौन्सिलांना बजावले की, नोंदणीची फी अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून जास्त घेता येणार नाही.

खरा अडथळा सनदेनंतरच्या तीन वर्षांचा आहे. ज्युनिअरला तालुक्यात कुणी काही देत नाही, आणि आपल्या घरातली पोरे तीन वर्षे बिनपैशाची बसू शकत नाहीत. विहार समित्यांनी जयंतीच्या वर्गणीतला, डी.जे.वर जाणारा पैसा थोडा वळवला तर एका तालुक्यात एक ज्युनिअर सहज पोसता येतो. आमच्याकडे दोन विहारांनी मिळून यंदापासून दरमहा ठरावीक रक्कम द्यायचे कबूल केले आहे. त्यावर निवड झाली ती एका वीटभट्टी कामगाराच्या मुलीची. सध्या ती सकाळी माझ्याकडे फेरफार वाचायला शिकते आणि दुपारी ठाण्यात फिर्यादीच्या प्रती मागायला जाते.